ऑस्ट्रिया म्हणजे दुसरं स्वित्झर्लंड नव्हे

जुलै २०२४मध्ये नरेंद्र मोदी मॉस्कोहून थेट व्हिएन्नाला गेले. इंदिरा गांधींच्या १९८३च्या भेटीनंतर भारताचा पंतप्रधान ऑस्ट्रियात पहिल्यांदाच जात होता. लगेच आपल्याकडच्या चर्चांमध्ये नेहमीचं वाक्य फिरायला लागलं: ‘ऑस्ट्रिया हा स्वित्झर्लंडसारखा तटस्थ देश.’ पाठोपाठ नेहमीचे प्रश्नही आले. तटस्थ आहे तर रशियावर निर्बंध कसे लादतो? तटस्थ आहे तर युरोपीय महासंघात काय करतोय? आणि माझा खास नावडता प्रश्न: १९५५च्या तहात रशियानं तटस्थतेची अट घातली होती, मग ऑस्ट्रिया तो तह मोडतोय का?

स्वित्झर्लंडचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे भराभर सांगतो. १८१५मध्ये युरोपातल्या बड्या सत्तांनी त्याच्या तटस्थतेला मान्यता दिली. तेव्हापासून तो कुणाच्या युद्धात पडलेला नाही आणि शक्यतो कुणाच्या संघटनेतही शिरलेला नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायला लोकांनी १९९२मध्ये मतदान करून नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्यालय जिनिव्हात, पण स्वित्झर्लंड त्यांचा सदस्य झाला थेट २००२मध्ये, तोही सार्वमत घेऊन.

ऑस्ट्रियाचे आल्प्स तसेच, बहुतेकांची भाषा तीच, लोकसंख्याही तेवढीच, नव्वद लाखांच्या आसपास. चित्रपटातला बर्फ कुठल्या देशातला, हे ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. बिघडतं ते १९५५ साली काय झालं हे न कळल्यानं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षं ऑस्ट्रियात चार देशांच्या फौजा होत्या: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ. जर्मनीची फाळणी झाली तशी आपलीही होईल, या धास्तीत व्हिएन्नातले नेते सगळीकडे दारं ठोठावत होते. १९५३मध्ये परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर यांनी नेहरूंनाही गळ घातली आणि आपले मॉस्कोतले राजदूत के. पी. एस. मेनन यांनी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांच्याकडे विषय काढला. तेव्हा काही जमलं नाही. एप्रिल १९५५मध्ये चान्सेलर युलियुस राब मॉस्कोला गेले आणि तिथं सौदा ठरला: फौजा जातील, बदल्यात ऑस्ट्रिया ‘स्वित्झर्लंड पाळतो तशी’ तटस्थता जाहीर करेल. हा शब्दप्रयोग तिथल्या मसुद्यात खरोखर आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कारण त्यानंतर झाले दोन वेगळे कागद. लोक त्यांचा एकच करतात.

पहिला कागद म्हणजे राज्य करार, म्हणजेच १९५५चा तो तह. १५ मे १९५५ रोजी व्हिएन्नातल्या बेल्व्हेडेर राजवाड्यात चारही सत्तांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आणि ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड फिगल यांनी त्यावर सह्या केल्या. त्यात ऑस्ट्रियाचं स्वातंत्र्य आहे, जर्मनीशी पुन्हा एकत्र येण्यावर बंदी आहे, स्लोव्हेन आणि क्रोएट अल्पसंख्याकांचे हक्क आहेत. तटस्थतेबद्दल त्यात चकार शब्द नाही. ही चूक नव्हती, मुद्दाम ठेवलेली जागा होती. तहात घातलं असतं तर चारही सत्तांना कायमचा जाब विचारायचा हक्क मिळाला असता.

दुसरा कागद आला पाच महिन्यांनी. परकी फौजांना निघून जायला दिलेली मुदत २५ ऑक्टोबरला संपली आणि दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रियाच्या संसदेनं घटनात्मक दर्जाचा तटस्थता कायदा मंजूर केला. आम्ही ‘स्वेच्छेनं’ कायमची तटस्थता जाहीर करतो, असं त्यात लिहिलं आहे. मॉस्कोत शब्द देऊन आल्यावरची ही स्वेच्छा, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण नवस अडचणीतच बोलला जातो. शब्द मात्र बोलणाऱ्याचे असतात. आणि ऑस्ट्रियानं शब्द फार जपून वापरले: कुठल्याही लष्करी युतीत जाणार नाही, आणि कुठल्याही परक्या देशाला आपल्या भूमीवर लष्करी तळ उभारू देणार नाही. दुसऱ्यांच्या युद्धात न पडणं तटस्थतेत गृहीतच आहे. बाकी व्यापार कुणाशी करायचा, कुणाचा निषेध करायचा, कुठल्या बिगरलष्करी संघटनेत बसायचं, याबद्दल कायदा गप्प आहे.

हा कायदा ऑस्ट्रियानं जगभरच्या देशांना रीतसर कळवला, त्यामुळे त्याला आंतरराष्ट्रीय वजन किती, यावर कायदेपंडित अजून भांडतात. पण तो बदलायची किल्ली व्हिएन्नाच्या संसदेतच आहे, दोनतृतीयांश बहुमताच्या रूपात. ती फिरवायला कुणी धजत नाही, कारण तटस्थता लोकांना मनापासून प्रिय आहे आणि २६ ऑक्टोबर हाच त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. मॉस्कोची परवानगी या हिशेबात कुठंच येत नाही.

एवढं समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. कायदा मंजूर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोवर १४ डिसेंबर १९५५ला ऑस्ट्रिया संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला. स्वित्झर्लंडचा नमुना तिथंच संपला. पुढच्याच वर्षी हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा राब सरकारनं रक्तपात थांबवा असं मॉस्कोला जाहीरपणे सांगितलं, आणि दीड लाखाहून जास्त निर्वासितांना सीमा उघडून दिली. परकी फौज जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ‘तटस्थ म्हणजे मूग गिळून बसलेला’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आधी वाचावा.

युरोपीय महासंघाचंही तसंच. शीतयुद्ध जोरात असेपर्यंत व्हिएन्ना बिचकत होती; अर्ज गेला जुलै १९८९मध्ये. १९९४च्या सार्वमतात दोनतृतीयांश लोकांनी होकार दिला आणि १९९५च्या १ जानेवारीला ऑस्ट्रिया सदस्य झाला. त्यासाठी घटनेत वेगळं कलम घातलं, ज्यामुळे महासंघाच्या सामायिक परराष्ट्र धोरणात भाग घेता येतो, आर्थिक निर्बंधांसह. त्यामुळे रशियावरचे निर्बंध ही तटस्थतेतून काढलेली पळवाट नाही, घटनेत लिहिलेली वाट आहे. उलट २०२२मध्ये स्वित्झर्लंडनं ते निर्बंध स्वतःही लागू केले तेव्हा तिथं मोठी खळबळ झाली, कारण ते महासंघाचे सदस्य नाहीत आणि त्यांना प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं.

महासंघाच्या तहात सदस्यावर हल्ला झाल्यास मदतीचं कलम आहे. पण काही सदस्यांच्या सुरक्षा धोरणाचं वेगळेपण अबाधित राहील, अशी पुस्ती त्यालाच जोडली आहे. ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा यांची सोय तिथं होते. युक्रेनला महासंघाच्या निधीतून शस्त्रं द्यायचा विषय आला की ऑस्ट्रिया विरोधी मत देत नाही, बाजूला राहतो. आणि १९९९मध्ये नाटोनं संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाशिवाय युगोस्लाव्हियावर हल्ले केले, तेव्हा महासंघाचा सदस्य असलेल्या ऑस्ट्रियानं नाटोच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद ठेवली. २००३च्या इराक युद्धातही तेच. लष्करी रेघ तिथली तिथं आहे.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. ऑस्ट्रियाचं रशियाशी गूळपीठ लोक तटस्थतेच्या खात्यात टाकतात. २०१८मध्ये परराष्ट्रमंत्री कारिन क्नाइस्ल यांच्या लग्नात पुतिन नाचले, त्याचं छायाचित्र या विषयावरच्या प्रत्येक लेखाला चिकटवलेलं असतं. कारण साधं आहे: गॅस. सोव्हिएत गॅसचा करार ऑस्ट्रियानं १९६८मध्येच केला, पश्चिम युरोपात सर्वांत आधी. २०१८मध्ये त्याची मुदत २०४०पर्यंत वाढवली. जर्मनी तर नाटोत आहे, त्यानंही रशियन गॅसवरच कारखाने चालवले. मग तटस्थतेचा संबंध काय? नोव्हेंबर २०२४मध्ये पुरवठा थांबला आणि डिसेंबरमध्ये करारही मोडला. तटस्थता कायद्याचा स्वल्पविरामही त्यासाठी हलवावा लागला नाही.

ऑस्ट्रियाच्या परराष्ट्र धोरणाचा खरा जीव आजूबाजूला आहे. इटलीतल्या दक्षिण टिरोलच्या जर्मन भाषकांचा प्रश्न तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्रुनो क्रायस्की यांनी १९६०मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेला. त्यावर अधिकृत पडदा पडायला १९९२ उजाडलं. पश्चिम बाल्कन देशांना महासंघात घ्या म्हणून आग्रह धरणारा ऑस्ट्रिया तुर्कस्तानचं नाव निघालं की आठ्या घालतो. स्थलांतराच्या मुद्द्यावर त्यानं २०२२मध्ये रोमानिया आणि बल्गेरियाचा शेंगेन या सीमातपासणीमुक्त क्षेत्रातला प्रवेश अडवला. हे मला तेव्हाही क्षुद्र वाटलं, आजही वाटतं. देशांतर्गत मतांसाठी मित्रांना दोन वर्षं दारात उभं केलं.

अणुशक्तीबद्दल मात्र हा छोटा देश ऐकत नाही. १९७८मध्ये लोकांनी अगदी निसटत्या बहुमतानं त्स्वेन्टेनडॉर्फचा बांधून तयार असलेला अणुप्रकल्प नाकारला. पुढे शेजारच्या चेक प्रजासत्ताकातल्या टेमेलिन अणुप्रकल्पावरूनही त्यांचं भांडण जुंपलं. अण्वस्त्रबंदी करारामागे ऑस्ट्रियाच्या मुत्सद्द्यांचा मोठा हात होता. सदस्य देशांची पहिली बैठक जून २०२२मध्ये व्हिएन्नातच झाली. अण्वस्त्रांच्या छत्राखाली बसलेल्या नाटो देशांना हे आवडलं नाही. स्वित्झर्लंडनं तर त्या करारावर अजून सहीही केलेली नाही. दोघांतला जास्त ‘शांत’ देश कोणता, हे तुम्हीच ठरवा.

फिनलंड २०२३मध्ये आणि स्वीडन २०२४मध्ये नाटोत गेले, तेव्हा पुढचा नंबर ऑस्ट्रियाचा, अशी भाकितं झाली. फिनलंडला रशियाची तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे. ऑस्ट्रियाभोवती नाटोचे देश, स्वित्झर्लंड आणि इवलंसं लिश्टेनश्टाइन आहे. घाई असायचं कारण नाही. तरी जुलै २०२३मध्ये बर्नमध्ये ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड दोघांनी मिळून जर्मनीच्या पुढाकारानं चाललेल्या युरोपीय हवाई संरक्षण योजनेच्या इरादापत्रावर सही केली. दोघांनीही सोबत आपापल्या तटस्थतेचा खुलासा जोडला, आणि व्हिएन्नातल्या विरोधकांनी त्याच आठवड्यात तटस्थता बुडाली म्हणून ओरड सुरू केली.