तान्ह्या बाळाला कुठला आलाय बीपी?

“बीपी हा चाळिशीनंतरचा आजार, बाळांना तो होत नाही.” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. बाळाच्या दंडाला पट्टा बांधलेला आपण पाहतो तरी कधी?

पण रक्तदाब वाढणं फक्त वयावर अवलंबून नाही, कारणावरही आहे. बाळांमध्ये ते बहुतेकदा मूत्रपिंडात किंवा हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत सापडतं. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या गर्भातच, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात त्या कमी असू शकतात. अशा बाळाचं वजन वाढत नसेल, दूध पिताना ते दमत असेल, तर डॉक्टरांना बीपीबद्दल जरूर विचारा.

आकडाही वेगळा वाचायचा. आपल्याला उत्तम वाटणारा १२० नवजात बाळासाठी बराच जास्त आहे. घरचं मशीन इथे उपयोगाचं नाही: पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के लागते, म्हणजे १० सेंटिमीटरच्या दंडाला ४. पट्टा लहान पडला की आकडा उगाच वर जातो, बाळ रडत असलं तरी जातो. म्हणून ते शांत किंवा झोपेत असताना, पुन्हापुन्हा मोजतात.

घरी पाहता येतं ते वजन. पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ वर चढतेय ना, एवढं बघा. निरोगी बाळाचं बीपी दर महिन्याला मोजायची गरज नाही. नेहमीची तपासणी तिसऱ्या वर्षापासून.