मानसचित्रण (तोतरेपणावरील)

तोतरेपणामुळे ज्या प्रसंगांची धास्ती बसली आहे ते प्रसंग डोळे मिटून मनात उभे करायचे आणि त्यांत स्वतःला बोलताना पाहायचे, ऐकायचे, अशा सरावाला मानसचित्रण म्हणतात. स्पीच थेरपिस्टकडे जाणारी मंडळी ‘व्हिज्युअलायझेशन’ हाच शब्द वापरतात. हा स्वतंत्र इलाज नव्हे. वाक् उपचाराला दिलेली जोड आहे. ‘रोज दहा मिनिटे कल्पना करा आणि अस्खलित बोला’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

तोतरेपणात शब्दाचे पहिले अक्षर पुन्हापुन्हा येते (‘क-क-कराड’), ध्वनी लांबतो किंवा तोंड उघडूनही आवाज फुटत नाही. या शेवटच्या प्रकाराला ‘ब्लॉक’ म्हणतात आणि सर्वांत जास्त धसका त्याचाच असतो. सुरुवात बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात होते. शंभरातली सुमारे 5 मुले कधी ना कधी यातून जातात आणि त्यांतील बहुतेकांचा तोतरेपणा पुढे नाहीसा होतो. प्रौढांत प्रमाण सुमारे 1 टक्का उरते. त्यांत पुरुष स्त्रियांच्या जवळपास चौपट आढळतात. मुळाशी आनुवंशिकता आणि मेंदूतील वाणीच्या नियोजनातले फरक असतात. तोतरेपणाशी संबंधित जनुके 2010 मध्ये प्रथम ओळखली गेली, आणि त्या शोधाची सुरुवात पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून झाली होती. जीभ जड असते ही समजूत चुकीची आहे. घरोघरी वेखंड उगाळून मधातून चाटवतात ते मायेपोटी, पण अडचण जिभेत नसतेच. बोबडे बोलणे ही तर वेगळीच बाब.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली: कानांवर पडते ते टोक, भीती, लाज आणि टाळाटाळ पाण्याखाली. एसटीत कंडक्टर जवळ येऊ लागला की ‘कराड’ म्हणता येणार नाही या भीतीने पुढच्या गावाचे तिकीट काढणारा माणूस एकदाही अडखळत नाही. शेजारच्या प्रवाशाला काही कळतही नाही. मानसचित्रणाचे खरे काम या पाण्याखालच्या भागावर असते.

पद्धतीची मुळे वर्तनोपचारात आहेत. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याचे तंत्र मांडले. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ते वापरले: अंग सैल सोडून भीतीचे प्रसंग सौम्य ते तीव्र अशा क्रमाने कल्पनेत आणायचे. पुढे तोतरेपणावरही हा प्रयोग झाला. त्यातून भीती कमी झाली, तरी अडखळणे त्याच मापात कमी होतेच असे नाही. याच सुमारास खेळाडूंमध्ये मानसिक सराव रुजला आणि ‘यशस्वी झालेले स्वतःला पाहा’ हा सल्ला तिथून वाणीच्या क्षेत्रात आला.

हा सल्ला जसाच्या तसा उचलण्यात धोका आहे. तोतरेपणा असलेला माणूस मनातल्या मनात बहुधा अस्खलितच बोलतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 24 प्रौढांना आपले बोलणे कोणी ऐकत नाही अशी खात्री वाटत असताना त्यांचे अडखळणे जवळजवळ नाहीसे झाले. सर्वांबरोबर सुरात आरती म्हणताना न अडणारा मुलगा प्रसाद वाटताना स्वतःचे नाव सांगायला अडतो, हेही घरातल्यांनी पाहिलेले असते. तेव्हा ऐकणारा माणूस नसलेले कल्पनाचित्र उपयोगाचे नाही. चित्रात खिडकीपलीकडचा कारकून हवा, त्याचे घड्याळाकडे पाहणे हवे, मागच्या रांगेची कुजबुज हवी.

चित्रात ब्लॉकही हवा. तोतरेपणाचे संशोधक रॉजर इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मोजक्याच व्यक्तींवरील मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, आपण अडखळत आहोत अशी नुसती कल्पना करतानाही मेंदूत प्रत्यक्ष अडखळण्यासारखीच हालचाल दिसली. म्हणजे अडखळणे मनात आणता येते, आणि मनात आणता येते म्हणून तिथे त्यावर कामही करता येते. स्वतः तोतरे असलेले अमेरिकन उपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी ब्लॉकमधून धडपडून सुटण्याऐवजी त्यातच थांबून, ताण सोडत, हळूच शब्द पुढे नेण्याचे तंत्र शिकवले. मानसचित्रणात त्याचीच तालीम होते.

समजा, फोनवर नाव सांगायचे आहे. आधी श्वास संथ होऊ द्यायचा, खांदे सैल सोडायचे. हातातल्या फोनचे वजन आणि कानाशी वाजणारी रिंग अनुभवायची. पलीकडून ‘हॅलो, कोण?’ येते. ओठ घट्ट मिटतात, गळा आवळतो. इथे चित्र पुसून नव्याने सुरू करण्याचा मोह होतो, तो आवरायचा. ओठांतला ताण नेमका कुठे आहे ते पाहायचे, तो निम्मा करायचा, आणि ‘प्र...प्रकाश’ असे हलके अडखळत बोलणे पुढे न्यायचे. समोरचा थांबतो, ऐकतो, संभाषण चालू राहते. नंतर तोच फोन खरोखर करायचा. हा शेवटचा टप्पा गाळला तर मानसचित्रण टाळाटाळीचेच एक रूप होऊन बसते, आणि फार जणांची गाडी इथेच अडते.

निव्वळ मानसचित्रणाचा परिणाम वेगळा मोजणे अवघड आहे, कारण ते श्वसन, वाक्‌तंत्रे आणि प्रत्यक्ष सराव यांच्या सोबतीने दिले जाते. काहींना मनात चित्रच उमटत नाही. या स्थितीला 2015 मध्ये ‘अफँटेझिया’ हे नाव मिळाले. अशांनी आवाज आणि अंगातील ताण यांवर लक्ष ठेवावे किंवा एखाद्या मित्रासमोर प्रसंग वठवावा. तीव्र चिंता किंवा चिडवण्याच्या जुन्या जखमा असतील तर एकट्याने हा सराव करू नये.

शाळेपूर्व वयातील मुलांसाठी ही पद्धत नाही. त्यांच्यासाठी पालकांच्या हातून राबवले जाणारे उपचार आहेत. सिडनीच्या एका उपनगरावरून नाव पडलेला ‘लिडकम’ कार्यक्रम त्यांपैकी एक. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाक् व श्रवण क्षेत्रात काम करते, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतही वाक् उपचार मिळू शकतात. अडखळणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणून टोकण्यापेक्षा त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहावे. मोठेपणी तो मनात एखादा ऐकणारा उभा करू लागला, तर असा ऐकणारा त्याच्या ओळखीचा असेल.