हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्स: निघण्याआधी एवढं वाचाच

नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटहून आय-७७ महामार्ग धरून उत्तरेला निघालं की सव्वादोन-अडीच तासांत आपण वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्रॅमवेलला पोहोचतो. हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सवर, म्हणजे इथल्या डोंगरांतल्या बाइकच्या वाटांवर, आमच्याबरोबर पहिल्यांदा येणारा जवळपास प्रत्येक जण तिथे विचारतो, "एवढं मोकळं जंगल आहे, मग परमिट कशाला? आणि आखलेल्या वाटेबाहेर बाइक का घालायची नाही?" याचं उत्तर या डोंगरांच्या इतिहासात आहे. ते गाडीत बसल्या बसल्या वाचता यावं म्हणून हे पत्रक.

हा सगळा कोळशाचा मुलूख. ब्रॅमवेलच्या शेजारी, व्हर्जिनियाच्या हद्दीतल्या पोकाहॉन्टस गावातून कोळशाची पहिली खेप १८८३ साली रेल्वेने बाहेर पडली आणि पुढची सत्तर वर्षं इथे माणसांचा ओघ थांबला नाही. खाणमालकांचे बंगले ब्रॅमवेलमध्ये आजही उभे आहेत, जेवणानंतर एक फेरी मारून जरूर बघा. पलीकडच्या मॅकडॉवेल काउंटीत १९५० च्या जनगणनेला ९९,००० च्या घरात लोक होते. मग कोळसा तोडून भरण्याचं काम यंत्रं करू लागली, आणि १९८० च्या दशकात मोठ्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. २०२० च्या जनगणनेत तिथे उरले १९,००० च्या आसपास. गावातून जाताना ओळीने बंद दुकानं दिसतील. कृपा करून तिथे हसत सेल्फी काढू नका. कुणाचं तरी भरलेलं गाव होतं ते.

माणसं गेली, जमीन मात्र खाण आणि लाकूड कंपन्यांच्याच नावावर राहिली. पोरं चोरून बाइक घालायची आणि कंपन्या साखळ्या लावायच्या, कारण कुणी पडलं तर कोर्टकचेरी मालकाच्या गळ्यात. ही गाठ सोडवली राज्याच्या विधिमंडळाने. १९९६ साली कायदा करून एक सार्वजनिक प्राधिकरण उभं केलं. प्राधिकरण कंपन्यांशी करार करतं, विमा काढतं, ट्रेल आखतं आणि सांभाळतं. मालकाला दायित्वापासून संरक्षण मिळतं आणि आपल्याला वाट मिळते. ऑक्टोबर २००० मध्ये पहिले ट्रेल खुले झाले, आज त्यांची लांबी १,००० मैलांच्या पुढे आहे. आमच्या मते याइतकी शहाणपणाची तडजोड क्वचितच बघायला मिळते.

नावाचं म्हणाल, तर टग फोर्क नदीच्या दोन तीरांवरच्या हॅटफिल्ड आणि मकॉय या घराण्यांमधलं एकोणिसाव्या शतकातलं रक्तरंजित वैर इथे प्रसिद्ध आहे, त्यावरून ते पडलं.

आता चाकाखालचं. कोळशासाठी डोंगराची कड कापत नेली, त्यामुळे मधोमध सपाट पट्टे तयार झाले: एका हाताला कापलेल्या खडकाची उभी भिंत, दुसऱ्या हाताला दरी. आपले बरेच ट्रेल अशा पट्ट्यांवरून आणि डंपरच्या जुन्या रस्त्यांवरून जातात. पावसानंतर डबकी काळीकुट्ट होतात. चंद्रपूर-वणीकडच्या मंडळींना तो रंग ओळखीचा वाटेल. झाडीत मध्येच विटांच्या कमानी दिसतात, आत काजळलेला घुमट आणि वर वाढलेली झाडं. त्या कोळसा भाजून कोक, म्हणजे पोलाद कारखान्यांना लागणारं इंधन, बनवायच्या भट्ट्या. तिथे थांबा, फोटो काढा, पण वर चढू नका, विटा सैल झाल्या आहेत. डोंगरात जुन्या खाणीचं तोंड दिसलं तर त्यात डोकावायचंसुद्धा नाही. आतल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते नाकाला कळत नाही.

ट्रेल रंगांवरून ओळखायचे. हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा अवघड, आणि नारिंगी म्हणजे फक्त एका बाइकपुरती अरुंद वाट. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना हिरव्यावरच नेतो. घरी कितीही वर्षं बुलेट चालवली असली तरी. ओल्या मुळांवर आणि सुट्या दगडांवर हात बसायला अर्धा दिवस लागतोच.

परमिट माणशी वेगळं लागतं, मागे बसणाऱ्यालाही. हेल्मेट डीओटी (अमेरिकेचं परिवहन खातं) मान्यतेचंच हवं, दारू पूर्ण बंद. या जमिनीवर आजही कुठे लाकूडतोड चालते, कुठे गॅसच्या विहिरी आहेत, त्यामुळे एखादा ट्रेल अचानक बंद असतो किंवा वळवलेला असतो. तिथल्या पाट्या ओलांडून "जरा बघून येतो" म्हणणाऱ्याला आम्ही पुढच्या राइडला घेत नाही. एकाच्या हौसेपायी मालकाने करार मोडला, तर सगळ्यांचीच वाट बंद होते.

परमिट आम्ही आधीच काढून ठेवतो, त्यासाठी पूर्ण नाव गुरुवारपर्यंत कळवा. कोरडे मोजे दोन जोड आणा. आणि ब्रॅमवेलला पोहोचण्याआधी टाकी भरून घ्या.