राणी मार्गेरितासाठी पिझ्झा (नेपल्स, 1889)

इटलीची राणी मार्गेरिता हिने जून 1889 मध्ये नेपल्समधील एका छोट्या पिझ्झा दुकानाच्या कारागिराला बोलावून त्याच्या हातचे पिझ्झे खाल्ले, अशी ही प्रसिद्ध हकीकत. टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलच्या पिझ्झ्याला ‘मार्गेरिता’ हे नाव त्यावरून पडले असे मानले जाते. कारागिराचे नाव राफाएले एस्पोझितो. त्याचे दुकान किआया रस्त्याजवळच्या चढावर, शाही राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होते. राणीचा मुक्काम मात्र टेकडीवरच्या कापोदिमोंते राजवाड्यात होता.

त्या काळी पिझ्झा हे गोरगरिबांचे खाणे. ‘स्तुफा’ नावाचा धातूचा डबा डोक्यावर घेऊन फेरीवाले तो गल्लोगल्ली विकत. उधारीही चाले: आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या. एस्पोझितोने तीन प्रकार केले असे सांगतात: डुकराची चरबी, चीज व बेसिलचा एक, बारीक मासळीचा दुसरा आणि टोमॅटो-मोझरेलाचा तिसरा. राणीला तिसरा आवडला. लाल, पांढरा, हिरवा हे राष्ट्रध्वजाचे रंग त्यात असल्याने कथेला देशभक्तीची फोडणीही आयतीच मिळाली.

नोकर धाडून दुकानातून पिझ्झा मागवणे सर्वांत सोपे होते, पण या पदार्थाला ते मानवत नाही. युरोपीय संघाने 2010 मध्ये संरक्षण दिलेल्या नेपल्सच्या पिझ्झ्याच्या नियमांवरून कारण कळते. मधला भाग जेमतेम 4 मिलिमीटर जाड, काठ 1 ते 2 सेंटिमीटर उंच, व्यास फार तर 35 सेंटिमीटर. भट्टीचा तळ सुमारे 485 अंश सेल्सिअस, घुमट 430, आणि भाजायला 60 ते 90 सेकंद. एवढ्या थोड्या वेळात पाणी पूर्ण उडत नाही, म्हणून काठ मऊ राहतो. हाच पिझ्झा झाकून नेला की वाफेचे पाणी होऊन खालची पोळी भिजते, मोझरेला गार होऊन रबरासारखा घट्ट होतो आणि काठ चिवट होतो. म्हणून तो शक्यतो भट्टीतून काढल्याबरोबर, केला तिथेच खावा, असे नियमही सांगतात. राजवाड्यात पिझ्झा चांगला हवा असेल, तर कारागिराला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

कारागीर आला म्हणजे सगळे जमले असेही नाही. आजच्या प्रमाणात 1 लिटर पाण्याला सुमारे 1.8 किलो मैदा, 50 ते 55 ग्रॅम मीठ आणि केवळ 3 ग्रॅम यीस्ट घेतात. मळलेले पीठ 2 तास ठेवून 180 ते 250 ग्रॅमचे गोळे करतात आणि ते साधारण 25 अंशांवर 4 ते 6 तास फुगू देतात. त्यानंतरचे 6 तास गोळे वापरण्याजोगे असतात. जूनच्या उन्हात ते टेकडीवर न्यायचे, तर वाटेतच जास्त फुगतात, सपाट होऊन एकमेकांना चिकटतात आणि थापताना फाटतात. भट्टीचे दुखणे वेगळेच. विटांचा तळ नीट तापला नसेल, तर वरून डाग पडतात आणि खाली पीठ कच्चे राहते. पावाच्या मंद भट्टीत वेळ वाढवावा, तर पिझ्झ्याचे बिस्किट होते. पूर्वी नेपल्सच्या फर्दिनांद राजाने कापोदिमोंतेत पिझ्झ्याची भट्टी बांधून घेतली होती अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, गरज मात्र तिच्यात अचूक हेरली आहे.

या भेटीचा पुरावा म्हणून दाखवले जाणारे पत्र 11 जून 1889 चे असून त्यावर शाही भोजन-सेवेचा प्रमुख कामिल्लो गाल्ली याची सही आहे. ‘तीन प्रकारचे पिझ्झे अतिशय चांगले वाटले’ एवढेच त्यात म्हटले आहे. ध्वजाचा किंवा राणीचे नाव पिझ्झ्याला दिल्याचा उल्लेख नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पत्राच्या अस्सलपणावरच शंका घेतली. गाल्लीच्या इतर कागदांवरील हस्ताक्षर याच्याशी जुळत नाही आणि शाही दप्तरात या पत्राची नोंद सापडत नाही. मोझरेला घातलेल्या पिझ्झ्याची वर्णने तर 1889 पूर्वीचीच आहेत, त्यामुळे एस्पोझितोने हा पिझ्झा शोधून काढला हे म्हणणे टिकत नाही.

शिवाय राणीच्या नावाचे व्यापारी मोल त्याला आधीच उमगले होते. 1883 मध्येच त्याने दुकानाला ‘इटलीच्या राणीचा पिझ्झेरिया’ असे नाव देण्याची परवानगी मागितली होती. राजघराण्याचे रीतसर पुरवठादार ठरलेल्यांना राजचिन्ह लावण्याची सनद मिळे. वरचे पत्र अस्सल धरले, तरी ती सनद नव्हे, नुसती पोच आहे. आज हे दुकान ‘ब्रांदी’ नावाने चालते. ते आडनाव एस्पोझितोच्या बायकोच्या माहेरचे. मार्गेरिता पिझ्झा इथेच जन्मला असे सांगणारी 1989 ची पाटी तिथे भिंतीवर आहे.