सिरपूरच्या पावसात न भिजणारे पक्षी

पक्षीनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, असं इंदूरमध्ये बहुतेकांनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं आहे. थंडीत धार रोडवरच्या सिरपूर तलावावर पाहुणी बदकं उतरतात, काठावर कॅमेरे लागतात. आषाढात तिकडे जातो म्हटलं की घरातून हमखास ऐकू येतं, "अहो, या पावसात पक्षीसुद्धा घरी बसले असतील!"

पण पक्ष्यांना घर नसतं. घरटं असतं, तेही अंडी-पिलांपुरतं. पिलं उडाली की बहुतेक पक्षी त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. धो धो पाऊस कोसळत असताना ते फार तर एखाद्या दाट फांदीच्या आडोशाला असतात. बाकी सगळा भरवसा अंगावरच्या पिसांवर. ही पिसं काम कशी करतात ते बघायला पावसाळ्यासारखी वेळ नाही. नुसती यादी लांबवायची असेल, तर मात्र खुशाल जानेवारीत जावं.

सिरपूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांच्या काळात बांधलेला तलाव. पुढे त्याची बरीच आबाळ झाली आणि तो वाचवण्यासाठी इंदूरचे मराठी कलावंत भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झटले. मोंढे यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे इंदूरचे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले, आणि जानेवारी 2025 मध्ये उदयपूरसोबत इंदूरला रामसर कराराखालचा 'पाणथळ शहर' हा दर्जा मिळाला. भारतात तो मिळवणारी ही पहिली दोन शहरं.

तर पिसं. बदकाच्या अंगाला तेल असतं म्हणून ते भिजत नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अर्धंच खरं आहे. शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते, पक्षी चोचीने तिथलं मेणचट तेल घेऊन अंगभर फिरवतो, हे बरोबर. पण त्या तेलाचं मोठं काम म्हणजे पिसांना लवचिक ठेवणं. ती ठिसूळ होऊन तुटू नयेत, हे बघणं. पाणी अडवण्याचा मुख्य भार पिसाच्या रचनेवर असतो. पिसाच्या दांडीपासून दोन्ही बाजूंना बारीक धागे निघतात, त्या धाग्यांना आणखी बारीक तंतू असतात आणि ते सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. या जाळीत जागोजागी हवा भरलेली असते. पावसाचा थेंब जाळीवर पडला की तो थोडासाच तंतूंना टेकतो, उरलेला त्या हवेवर तरंगतो. म्हणून तो पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. शिवाय पिसं कौलांसारखी एकावर एक बसवलेली असल्याने घरंगळलेलं पाणी आत न शिरता खाली उतरतं.

हे गणितात बसवलं ते पक्षितज्ज्ञांनी नव्हे, लोकरवाल्यांनी! इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत काम करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी 1944 साली सच्छिद्र पृष्ठभागावर पाणी कसं वागतं याचं समीकरण मांडलं. त्यात त्यांनी बदकाच्या पिसाचाही विचार केला होता. पाण्याला दूर ठेवणारं कापड हवं असेल तर नवनवी रसायनं शोधत बसण्यापेक्षा पिसाच्या रचनेचं अनुकरण करा, असा त्यांचा रोख होता. पक्षी चोचीने पिसं विंचरताना दिसतो तेव्हा तो सुटलेले आकडे पुन्हा अडकवत असतो. सर थांबल्यावर सिरपूरच्या काठावर पाहा, जवळपास प्रत्येक पक्षी याच कामात असतो.

आता पाण्यावर नजर टाका. हळदी-कुंकू बदक इथलं बारमाही रहिवासी. पाऊस पडत असतानाही ते शांतपणे पोहत असतं, पाठीवर मोत्यांसारखे थेंब. थोड्याच अंतरावर बुडालेल्या झाडाच्या खोडावर छोटा पाणकावळा असतो, आणि त्याचं मात्र चिंब भिजून पोतेरं झालेलं. दोघंही जन्मभर पाण्यात राहणारे, मग एक कोरडा आणि एक ओला का?

कारण पाणकावळ्याला थोडं भिजणं सोयीचं आहे. पिसांत अडकलेली हवा पक्ष्याला वर तरंगवते. पाण्यावर चरणाऱ्या बदकाला ते हवंच असतं, पण बुडी मारून माशाचा पाठलाग करणाऱ्याला तीच हवा अडचण होते. पाणकावळ्यांच्या कुळातल्या मोठ्या भावावर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्याच्या अंगावरच्या प्रत्येक पिसाची कड सैल असते आणि ती लगेच भिजते, पण मधला भाग पाणी अजिबात आत घेत नाही. वरून चिंब, आत कातडीलगत हवेचा पातळ कोरडा थर. बुडीही सोपी होते आणि थंडीही वाजत नाही. सर ओसरल्यावर दोन्ही पंख पसरून बसण्याची त्याची सवय या तडजोडीची किंमत आहे.

बदकाहून लहान, बुड्या मारणारी टिबुकली तिसरंच तंत्र वापरते. ती पिसं अंगाला घट्ट दाबून त्यातली हवा बाहेर काढते आणि सावकाश, जराही खळबळ न होता पाण्यात उतरते. डोकं तेवढं वर ठेवून पोहणारी टिबुकली दुर्बिणीतून सापडली, की मला तरी बाकी तलाव दिसेनासा होतो.

जमिनीवरच्या लहान पक्ष्यांचा प्रश्न वेगळा. पावसाचा मोठा, सुमारे पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला नऊएक मीटर वेगाने खाली येतो. त्याच्या माराने पक्षी मरत नाही. भीती असते ती गारठण्याची. पक्ष्याच्या शरीराचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि शिंजीर तर दहा ग्रॅमही भरत नाही. इतक्या लहान देहातून उष्णता भराभर निघून जाते. म्हणून रिमझिम असते तोवर पक्षी पिसं फुलवून गोळा होऊन बसतात, आत हवा जास्त धरून ठेवतात. पाऊस वाढला की पवित्रा बदलतो: अंग ताठ, पिसं चापून बसवलेली, चोच आभाळाकडे. वरून येणाऱ्या पाण्याला कमीत कमी जागा द्यायची आणि पडेल ते झटपट उतरवून टाकायचं. पावसात किडे उडेनासे होतात, म्हणून वेडे राघू तारेवर अंग चोरून बसलेले दिसतात. खंड्याचीही पंचाईत होते. गढूळ आणि थेंबांनी थरथरणाऱ्या पाण्यात मासा दिसणार कसा?

एवढा त्रास असूनही इथले कितीतरी पक्षी नेमके याच दिवसांत वीण घालतात. पाऊस थांबला की किड्यांची नुसती चंगळ असते. वारुळातून पंख फुटलेल्या वाळवीचे लोट निघतात आणि कोतवाल, साळुंक्या, कावळे, घारी सगळे त्यावर तुटून पडतात. पिलांना वाढायला असाच खुराक लागतो. चातक तर आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या जोडीने येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकून मोकळा होतो.

पण वाढत्या पाण्यावर संसार थाटायचा तर घरटं बुडण्याचा धोका आलाच. टिबुकली शेवाळ-पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं करते आणि ते देठांना अडकवून ठेवते, त्यामुळे पाण्याबरोबर तेही वर चढतं. अंड्यांवरून उठताना ती त्यांच्यावर ओला पाला ओढते. कमळपक्ष्याचं घरटं मात्र नावापुरतंच, तरंगत्या पानांवरचा थोडा पसारा. त्यात बहुधा चार चकचकीत तपकिरी अंडी. ती घालून मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. एका हंगामात तिचे अनेक संसार चालू असतात. उबवणं, राखणं, पिलं वाढवणं, सगळं नराकडे. पाणी चढून घरटं बुडायला लागलं तर हा नर एकेक अंडं छातीने आणि चोचीने ढकलत-ओढत दुसऱ्या पानांवर नेतो.

हे बघायचं असेल तर जोराची सर ओसरल्यानंतरचा पहिला अर्धा तास सोडू नका. दुर्बिणीची काच पुसायला सुती फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. बंधाऱ्यावरच उभं राहा, खाली गवतात उतरू नका; टिटवीची अंडी उघड्या जमिनीवरच असतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.