भूतानचं फॉरेन पॉलिसी दिल्लीतून चालतं? नाही हो

हा फॉरवर्ड अजून फिरतोय. मूळ आहे १९४९ च्या भारत-भूतान करारातलं दुसरं कलम, परराष्ट्र संबंधांत भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल असं होतं त्यात, पण २००७ ला करार नव्याने झाला आणि ते वाक्यच गेलं, आता एकमेकांच्या हिताविरुद्ध आपली जमीन वापरू द्यायची नाही, सहकार्य ठेवायचं, इतकंच. चीनशी सीमेची बोलणी तर भूतानवाले १९८४ पासून स्वतःच करतायत. आणि चीनशी राजनैतिक संबंध नाहीत म्हणता, तर अमेरिकेशी तरी कुठे आहेत!

भूतानच्या २००८ च्या पहिल्या निवडणुकासुद्धा दिल्लीने नाही, तिथल्या राजघराण्यानेच लावल्या, लोक नको म्हणत होते तरी. भारताचं वजन आहेच हां, २०१३ ला ऐन मतदानाच्या तोंडावर आपण त्यांची गॅस-रॉकेलची सबसिडी थांबवली, सिलिंडर एकदम महागला आणि तिथली सत्ताधारी पार्टी डीपीटी हरली. एवढ्यानेच हरली असं मात्र नाही.