घरगुती बटाटा लागवड

घरगुती बटाटा लागवड : अंगण, परसबाग, गच्ची किंवा बाल्कनीत वाफा, कुंडी, गोणी अथवा ग्रो बॅग वापरून घरापुरता बटाटा पिकवण्याची पद्धत. बटाटा (सोलॅनम ट्युबरोसम) हा वांगे, टोमॅटो आणि मिरची यांच्या कुळातला. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा; पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवराच्या आसपास हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली. पोर्तुगीजांबरोबर तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि त्यांचाच शब्द मराठीत व कोंकणीत रुळला. विदर्भात मात्र तो आलूच.

बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. त्याच्यावरचा प्रत्येक डोळा म्हणजे खोडावरची कळी. बेणे, म्हणजे लावणीसाठीचा बटाटा, लावले की डोळ्यातून कोंब वर येतो आणि कोंबाच्या मातीखालच्या भागातून पांढऱ्या, आडव्या फांद्या फुटतात. या फांद्यांची टोके फुगून बटाटे होतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : अंधार आणि थंड रात्र. फांदीला उजेड लागला तर ती पाने फोडून वर निघते. रात्रीचा गारवा १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असला की बटाटे चांगले धरतात. उकाडा वाढला की पाला हिरवागार दिसतो, पण खाली सुपारीएवढ्या गोट्या मिळतात. घरचा बटाटा फसतो तो बहुधा या उकाड्यामुळे. लोक मात्र खताला दोष देऊन आणखी खत घालतात, आणि नत्र जास्त झाले की पालाच वाढतो.

म्हणून लागवडीची वेळ सर्वांत महत्त्वाची. लावल्यापासून साधारण ३० ते ४० दिवसांनी बटाटे धरू लागतात. ते दिवस हिवाळ्यात यायला हवेत. पुणे, नाशिक, सातारा अशा घाटावरच्या भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावावे. मुंबई आणि कोकणात थंडी उशिरा येते व लवकर सरते, त्यामुळे नोव्हेंबर गाठावा आणि लवकर येणारी जात घ्यावी. पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांच्या पठारावर बटाटा खरिपातही पिकतो, कारण तिथले पावसाळी दिवस गार असतात. सखल भागातल्या गच्चीवर ते जमत नाही. इंग्लंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबे हेच पीक मार्च-एप्रिलमध्ये लावतात, कारण तिथे सांभाळायचे असते ते गोठवणाऱ्या थंडीपासून.

बेणे : भाजीवाल्याकडचा बटाटा लावला तर कधी उगवतो, कधी कुजतो. तो नुकताच काढलेला असेल तर सुप्तावस्थेत असतो, आणि मोड येऊ नयेत म्हणून साठवणीत त्याच्यावर प्रक्रियाही झालेली असू शकते. शीतगृहातून आलेले खात्रीचे बेणे घेऊन ८-१० दिवस सावलीतल्या उजेडात पसरून ठेवावे. अंधारात मोड लांब आणि पांढरे येतात व हात लागताच तुटतात. उजेडात ते आखूड, जाड आणि गडद रंगाचे होतात. मोठा बटाटा कापायचा असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि पुरेसा गर ठेवावा, आणि कापलेली बाजू एक दिवस सुकू द्यावी. पावसाळी लागवडीत अख्खे बेणेच वापरावे, कारण ओल्या मातीत फोडी सडतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने (स्थापना १९४९) काढलेल्या जातींच्या नावांआधी ‘कुफ्री’ लागते. कुफ्री हे सिमल्याजवळचे गाव. कुफ्री ज्योती, कुफ्री चंद्रमुखी, कुफ्री पुखराज या ओळखीच्या जाती आहेत. ‘कुफ्री लवकर’ नावाप्रमाणेच लवकर तयार होते. कुफ्री सूर्या उष्णता सोसते, म्हणून मुंबईच्या गच्चीवर प्रथम तिचाच विचार करावा.

कुंडी आणि गोणी : खोली किमान ३० सेंटिमीटर आणि प्रत्येक रोपामागे १० लिटरच्या आसपास माती, हा धरून चालण्याजोगा हिशेब. सिमेंटची रिकामी गोणी स्वच्छ झटकून, धुऊन, तळाशी भोके पाडून चालते. पण काळ्या प्लास्टिकची पिशवी दुपारच्या उन्हात तापते आणि आतली माती रात्रीपर्यंत निवत नाही. ताग किंवा फिकट रंगाची पिशवी घ्यावी, बाहेरून विटा किंवा दुसऱ्या कुंड्यांचा आडोसा करावा. पाल्याला रोज सहा तास तरी ऊन हवे. सावली हवी ती मातीला. माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून माध्यम भुसभुशीत करावे. ताजे शेण घालू नये. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि बटाटे वेडेवाकडे होतात. ओल्या मातीने भरलेली ४० लिटरची पिशवी सहज ४० किलोच्या वर जाते, तेव्हा गच्चीवर ओळीने पिशव्या मांडण्याआधी भाराचा विचार करावा.

रोप वाढेल तसा माती चढवत नेऊन ‘बटाट्याचा मनोरा’ उभारावा, म्हणजे प्रत्येक थरात बटाटे लागतील, असे ठासून सांगितले जाते. ते बहुतांश खोटे आहे. बटाट्याच्या फांद्या मुख्यतः कोंबाच्या खालच्या पेऱ्यांतून निघतात. विशेषतः लवकर येणाऱ्या जातींत वर कितीही माती रचली तरी नवे थर धरत नाहीत. घरी एका रोपाला अर्धा किलो मिळाले तर हाताला यश आले म्हणावे, किलोभर म्हणजे उत्तम.

वाफ्यात हे पीक अधिक सोपे जाते. खोल माती तापत नाही आणि ओल टिकते. गादीवाफा करावा किंवा सरी-वरंबे पाडावेत, दोन रोपांत वीसएक सेंटिमीटर आणि दोन ओळींत हात-दीड हात अंतर ठेवावे. रोप वीतभर झाले की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यावी. ही भर मनोऱ्यासाठी नसून वर आलेले बटाटे झाकण्यासाठी असते. भाताचा पेंढा हाताशी असेल तर बेणे मातीवर ठेवून वरून जाड पेंढा पसरला तरी चालते. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात भातकापणीनंतर नांगरट न करता असाच बटाटा घेतात. पेंढा माती गार ठेवतो, आणि काढणीला कुदळ लागत नाही.

पाणी थोडे आणि नियमित हवे. चार दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले की बटाटे तडकतात, त्यांना गाठी येतात किंवा ते आतून पोकळ होतात. ढगाळ, दमट हवेत पानांवर काळे-करडे डाग येऊन करपा झपाट्याने पसरतो. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तो याच रोगाच्या एका प्रकारामुळे. पाने भिजवू नयेत, डागाळलेली पाने लगेच काढावीत. हिरवे रोप अचानक मलूल झाले आणि बटाटा कापल्यावर तपकिरी कडे दिसले, तर तो जिवाणूंमुळे होणारा बांगडी रोग. ती माती पुन्हा या कुळासाठी वापरू नये. एरवीही वांगी-टोमॅटोच्या कुंडीतली माती बटाट्याला देऊ नये.

काही जातींना फुलांनंतर टोमॅटोसारखी लहान हिरवी फळे येतात. ती विषारी असतात; घरात मुले असतील तर आधीच खुडून टाकावीत. उजेडाने हिरव्या झालेल्या बटाट्यातही सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि ते शिजवून जात नाही. तो हिरवा भाग जाडसर कापून टाकावा; बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर खाऊ नये.

जातीप्रमाणे ७५ ते ११० दिवसांत पाला पिवळा पडतो. पाणी तोडून पाला कापावा आणि १०-१५ दिवस बटाटे मातीतच राहू द्यावेत, म्हणजे साल पक्की होते. अंगठ्याने घासल्यावर साल सुटत नसेल तर काढणीची वेळ झाली. बटाटे सावलीत सुकवून, न धुता, अंधाऱ्या हवेशीर जागी पसरावेत. उघड्या बटाट्यांवर पाकोळी (लहान पतंग) अंडी घालते आणि अळ्या आत शिरून ते पोखरतात. घरचेच बटाटे पुढच्या वर्षी लावण्याचा मोह होतो, पण मावा किडीने पसरवलेले विषाणू बेण्यातून पुढच्या पिढीत उतरतात आणि उत्पन्न वर्षागणिक घटते. त्यातून आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरी ठेवलेले बेणे ऑक्टोबरपर्यंत सुरकुतून जाते. दरवर्षी नवे बेणे आणलेले बरे.